नमुना टाचणं पाठ करून अध्यापनाचा पेपर सुटेल का?

प्रश्न : प्राथमिक शिक्षकपदाच्या परीक्षेत विषयज्ञानाच्या पेपरला चांगले गुण मिळाले. अध्यापन आणि पाठनियोजनाच्या लेखी पेपरला मात्र दोनदा कमी पडले. आणखी नमुना टाचणं, म्हणजे तासाचे लिखित आराखडे, पाठ करू का?

उत्तर : नका करू. गणित येणं वेगळं आणि ते मुलाला कुठे अडतं हे ओळखणं वेगळं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या दुसऱ्या ज्ञानाला स्वतंत्र नाव दिलं : आशयाचं अध्यापनशास्त्रीय ज्ञान. तुमचा हा पेपर तेच तपासतो.

समजा प्रश्न असा आला : एका मुलाने ५२ − २७ = ३५ असं लिहिलं, तुम्ही काय कराल? 'पुन्हा समजावून सांगेन, सराव देईन' या उत्तराला गुण मिळत नाहीत, कारण ते कुठल्याही चुकीला चालतं. हे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, हे आधी लिहा. मग खात्री कशी कराल ते लिहा : ४१ − १८ द्या आणि मोठ्याने बोलत सोडवायला सांगा. उत्तर ३७ आलं, तर तो निष्काळजीपणा नाही, पक्की बसलेली चुकीची रीत आहे. त्यानंतर काड्या : दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. एक गठ्ठा सोडला की चार गठ्ठे आणि बारा सुट्या. काड्या हलवतानाच शेजारी अंकांत मांडणी करायची. ती नंतर केली, तर मुलाच्या डोक्यात काड्या आणि अंक वेगळेच राहतात.

शेवटी ६३ − २८ आणि ६८ − २३ अशी दोन उदाहरणं. दुसरं मुद्दाम, कारण नुसती कृती उचललेलं मूल तिथेही गरज नसताना दशकाचा गठ्ठा सोडतं.

टाचणात बरेच गुण जातात ते उद्दिष्ट आणि मूल्यमापन जुळत नाही म्हणून. उद्दिष्टात 'दशक का सुटा केला हे सांगेल' असं लिहायचं आणि शेवटी फक्त उत्तरं तपासायची, हे परीक्षकाला लगेच दिसतं. म्हणून टाचण उलटं लिहायला घ्या : आधी शेवटचा प्रश्न, मग कृती, सुरुवात सर्वांत शेवटी.

'मागे पडणाऱ्यांना मदत करेन' हे वाक्यही पोकळ. कोणती मदत? त्यांच्या हातात गठ्ठे शेवटपर्यंत राहू द्या. पुढे गेलेल्यांना दशक सोडावा लागणार नाही अशी वजाबाकी स्वतः तयार करायला सांगा. वेळही खरा मांडा. चाळीस मिनिटांच्या तासात साहित्य वाटण्यातच पाच मिनिटं जातात, म्हणून गठ्ठे आधी बांधून ठेवायचे आणि दोघांत एक संच द्यायचा, हेही टाचणात लिहा.

आता महिनाभर रोज मुलांच्या वहीतली एक चूक घ्या. तिचं कारण, खात्रीचा प्रश्न, कृती आणि शेवटची तपासणी पंधरा मिनिटांत लिहा. अपूर्णांकांपासून सुरुवात केलीत तरी चालेल : १/२ + १/३ = २/५ ही चूक बहुतेक वर्गांत सापडते.