पॉप कॉन्सर्टला एकदा गेलो आणि नाद लागला, पण घरी तीच गाणी फिकी वाटतात. असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत आजवर अभंग आणि नाट्यपदं ऐकत आलात, जानेवारी २०२५ मध्ये मुलीच्या आग्रहाने नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कॉन्सर्टला गेलात आणि तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. मोबाइलवर लावलं की मात्र रंगत नाही. मग हा खरा नाद की नुसता गर्दीचा अंमल?

माझ्या मते नाद खराच आहे. गर्दीचा अंमल चार दिवसांत उतरतो. घरी रंगत निघून जाते ती मोबाइलमुळे. बेस गिटारची सगळ्यात खर्जातली तार ४१ हर्ट्झच्या (सेकंदाला ४१ कंपनांच्या) आसपास बोलते, किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) दणका साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो. स्टेडियममधले सबवूफर, म्हणजे खर्जाचे खास स्पीकर, हा खर्ज थेट छातीत पोचवतात. मोबाइलचा स्पीकर दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो. पखवाजाच्या धुमेची (डाव्या, खर्जाच्या बाजूची) कणीक काढून टाकावी आणि मग भजनाला बसावं, तसं होतं ते.

म्हणून आधी रबरी बोंडांचे, कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या. डब्यात बोंडांची बहुधा तीन मापं येतात. बहुतेक जण आधीपासून लावलेलं मधलंच ठेवतात, ते सैल बसतं आणि बेस गळतो. बोंड लावून तोंड मिटून गुणगुणा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर माप बरोबर.

सुरुवात स्टुडिओतल्या गाण्यांनी करू नका, कॉन्सर्टनंतर ती थंड वाटतात. २०१८ मध्ये आलेलं या बँडचं ब्वेनोस आयरेसचं लाइव्ह रेकॉर्डिंग आधी ऐका, मग त्यातलीच गाणी स्टुडिओ रूपात. एकदम पन्नास गाणी नकोत, चारच घ्या आणि आठवडाभर तीच फिरवा. परिचयाने आवड वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. दर वेळी एकाच माणसाच्या मागे जा: आधी गाय बेरीमनचा बेस, मग विल चॅम्पियनचे ड्रम, मग जॉनी बकलंडची गिटार. ख्रिस मार्टिनचा आवाज कान आपोआप पकडतोच.

आता खरी गंमत. अभंगात सा ठाम असतो आणि चाल त्याच्याभोवती फिरते. पॉपमध्ये बरेचदा उलटं घडतं: चाल एकाच सुरावर रेंगाळते आणि तिच्या खालची जमीन सरकते. ही जमीन म्हणजे कॉर्ड. घरी किंवा मंडळात पेटी असेलच. पांढरी एक सा धरा, सगळे सूर शुद्ध, आणि तीन-तीन पट्ट्या एकत्र दाबून हे चार कॉर्ड चार-चार मात्रा वाजवा: सा-ग-प, प-नि-रे, ध-सा-ग, म-ध-सा. असंख्य पॉप गाणी एवढ्यावरच उभी आहेत. वाजवताना दुसऱ्या कुणाला नुसता सा लावून धरायला सांगा. पहिल्या कॉर्डवर तो घरी आल्यासारखा वाटेल, दुसऱ्यावर टोचेल, कारण प-नि-रे मध्ये सा नाहीच. तिसऱ्यावर तोच सा उदास होतो, चौथ्यावर मोकळा. सूर एकच, रंग चार. हे एकदा कानाला कळलं की कॉन्सर्टमध्ये कोरस, म्हणजे गाण्याचं ध्रुवपद, आल्यावर पोटात का हलतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

वाजवताना ड्रोनचे स्टॉपर आत ढकला, नाहीतर कायम वाजणारा सूर कॉर्डमध्ये घुसतो. कपलरही (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबणारी सोय) बंद. तीन सुरांना हवा जास्त लागते, तेव्हा भाता छोट्या, एकसारख्या हाताने मारा; दमात मारलात तर कॉर्ड हिंदकळतो. तरीही कर्कश वाटलं तर पेटी एखाद्या ठरावीक पट्टीसाठी श्रुती जुळवून घेतलेली असेल. अशा पेटीवर त्याच पट्टीचा सा घ्या.

पुन्हा जाणार असाल तर कान जपा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मानकात अशा ठिकाणी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असं आहे. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे चालतात: चिमटीत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरा. अर्धवट घातलेला बोळा कामाचा नाही. दोन दिवसांनंतरही कानात शिट्टी वाजत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मैदानात स्टेजला चिकटू नका. साऊंडचा कन्सोल मांडलेला असतो त्याच्या जवळपास उभे राहा. आवाज तिथे बसूनच जुळवतात.

परतीचं आधीच ठरवा. उघड्या मैदानावर लाउडस्पीकरला एरवी रात्री दहापर्यंतच परवानगी, आणि परभणीला येणारी देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून नऊच्या सुमारास सुटते, म्हणजे ती मिळत नाही. नेरूळहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला या, तिथेच मुक्काम करा आणि सकाळी तपोवन एक्स्प्रेस पकडा. तिकिटं कॉन्सर्टच्या तिकिटाबरोबरच काढा, कारण अशा शनिवार-रविवारी वेटिंग लगेच लांबतं.