माहेरचं नाव, सासरचं नाव आणि डेटिक्स

सहा वर्षं आयसीयूत काढलीस, आता इंग्लंडला यावं का आणि तिथल्या नर्सेस खरंच त्रास देतात का, असं विचारलंस. सीबीटी, ओएससीई (रजिस्ट्रेशनसाठीची कॉम्प्युटरवरची आणि प्रात्यक्षिक परीक्षा) आणि ओईटी (इंग्रजीची परीक्षा) यांचं सगळं तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या साइटवर आहे, ते लिहीत बसत नाही. एवढंच सांगते, नाव सगळीकडे एकसारखं करून घे. माझ्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, तेवढ्यावरून चार महिने गेले. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आता त्रासाचं. इथे कुणी ओरडत नाही. आपल्याकडची मेट्रन सगळ्यांसमोर झापते आणि दुपारी डब्यातली भाजीही वाढते. इथे 'डार्लिंग' म्हणतात आणि डेटिक्स टाकतात. डेटिक्स म्हणजे वॉर्डात काही चुकलं तर कॉम्प्युटरवर नोंदवायची सोय. पेशंटच्या सुरक्षेसाठी आहे, पण माणसावर उगारताही येते. पॅरासिटामॉल वीस मिनिटं उशिरा दिलं म्हणून माझ्यावर पडलं. त्या रात्री आठ पेशंट मी एकटी बघत होते. एक जण तर हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला सांगताना, माझ्या दर वाक्यावर 'सॉरी?' म्हणायची. पेशंटांना माझं इंग्रजी कळायचं, हिलाच नाही. मी बस स्टॉपवर पुटपुटत हँडओव्हरची तालीम करायचे.

बोलले का नाही? व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की दुसरा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा देववणारी नोकरी, शोधायला साधारण 60 दिवस मिळतात, आणि मुलगा नुकता शाळेत रुळत होता.

आणखी एक, हे तू विचारलेलं नाहीस. मिरजेला इनचार्ज असताना मी एका स्टुडंटला नातेवाइकांसमोर सलाईनचे थेंब मोठ्याने मोजायला लावले होते, तीनदा. आम्हीही असंच शिकलो, म्हणाले होते. तो 'सॉरी?' ऐकला की तीच पोरगी आठवायची.

एकटेपणा येतो, जातो. त्याचं फार मनावर घेऊ नकोस.

आरसीएन किंवा युनिसन या कर्मचारी संघटनेचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घे. भांडण सुरू झाल्यावर गेलीस तर सहसा उशीर झालेला असतो. काय घडलं ते तारीख-वेळेसह वहीत लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल. आणि ट्रस्टमध्ये, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या सरकारी संस्थेत, 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन' असतो. स्टाफने न घाबरता तक्रार सांगावी यासाठी, 2015 च्या फ्रान्सिस अहवालानंतर आलेलं पद. मला दीड वर्षाने कळलं. पोस्टर होतं, स्टाफच्या टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला.