वाचकांचे प्रश्न : हाडात विरून जाणारा स्क्रू

प्रश्न : माझ्या मुलाच्या गुडघ्यातील लिगामेंट फाटले असून त्याच्या जागी टेंडनचा तुकडा बसवण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. हा तुकडा हाडात पक्का राहावा म्हणून धातूऐवजी पॉलिमर आणि सिरॅमिक यांच्या मिश्रणाचा, शरीरात हळूहळू विरणारा स्क्रू वापरणार आहेत. हा स्क्रू विरतो म्हणजे नेमका जातो कुठे? आणि जे विरायचेच आहे, त्यात सिरॅमिक कशासाठी?

उत्तर : अशा स्क्रूमधील पॉलिमर बहुतेक वेळा पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजेच पीएलए, किंवा त्याचे ग्लायकॉलिक आम्लाबरोबरचे सहबहुवारिक (दोन घटक एकाच साखळीत जोडलेले पॉलिमर), म्हणजेच पीएलजीए, असते. याच कुळातील विरघळणारे टाके १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहेत, त्यामुळे शल्यचिकित्सकांना हा पदार्थ नवा नाही. ऊतींमधील पाणी स्क्रूमध्ये झिरपते आणि पॉलिमरच्या लांब साखळ्यांमधील एस्टर बंध एकेक करून तोडत जाते. साखळ्या आखूड झाल्या की आधी ताकद कमी होते आणि वजन त्यानंतर बऱ्याच काळाने घटते. शेवटी उरते ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल, जे आपले स्नायू एरवीही तयार करत असतात. पेशी त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. आपला पहिला प्रश्न एका वाक्यात मिटवायचा तर या स्क्रूच्या पॉलिमरचा मोठा भाग अखेरीस श्वासावाटे बाहेर पडतो.

खरा कस लागतो तो वेळेचा. टेंडन हाडात रुजायला साधारण २ ते ३ महिने लागतात आणि तोवर स्क्रूची पकड ढिली होऊन चालत नाही. दोन्ही घटक निम्मे-निम्मे असलेले पीएलजीए १ ते २ महिन्यांतच विरू लागते, तर स्फटिकी रचनेचे शुद्ध पीएलए पूर्ण नाहीसे व्हायला २ वर्षांहून बराच अधिक काळ घेते. त्यामुळे ‘विरणारा’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही; तो कोणत्या पॉलिमरचा आहे, हे आपण डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आता सिरॅमिककडे वळू. ते ताकदीसाठी घालतात, असा सर्वसाधारण समज आहे. मला मात्र त्याचे रासायनिक काम अधिक मोलाचे वाटते. पॉलिमर तुटताना जे आम्ल तयार होते, ते पुढचे तुटणे आणखी वेगाने घडवते. जाड तुकड्याच्या पृष्ठभागावरचे आम्ल शरीरातील द्रवाबरोबर वाहून जाते, गाभ्यातले मात्र आतच कोंडते. म्हणून असा तुकडा बाहेरून शाबूत दिसत असतानाच आतून पोकळ होत जातो, आणि कवच फुटले की साठलेले आम्ल एकदम आजूबाजूच्या हाडात उतरते. सुरुवातीच्या काळात वापरल्या गेलेल्या, लवकर विरणाऱ्या पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या पिनांमुळे काही रुग्णांना जंतुसंसर्ग नसतानाही सूज आली आणि द्रव साठला. या स्क्रूमधील सिरॅमिक म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट; त्याचे कण हे आम्ल बऱ्याच अंशी शमवतात. त्यातील बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तुलनेने लवकर विरघळते, तर हायड्रॉक्सीॲपेटाइट फार सावकाश.

दुसरे कारण हाडाच्या घडणीत आहे. हाड हे स्वतःच एक संमिश्र असून त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग ॲपेटाइट प्रकारच्या खनिजाचा आणि उरलेला मुख्यतः कोलॅजेन व पाण्याचा असतो. निव्वळ पॉलिमरभोवती बहुधा तंतुमय पेशीजालाचा पातळ पडदा तयार होतो; कॅल्शियम फॉस्फेटवर मात्र नवे हाड थेट चिकटून वाढू शकते. ताठरपणाचा मुद्दाही खरा आहे : पीएलए सुमारे ३ गिगापास्कल, हाडाचे कठीण कवच साधारण १० ते २० आणि टायटॅनियम ११०च्या आसपास. मात्र तो मोडलेल्या हाडावरच्या पट्ट्यांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा आहे, आपल्या मुलाच्या शस्त्रक्रियेत तितका नाही.

विरलेल्या स्क्रूची जागा दर वेळी नव्या हाडाने पूर्ण भरते, असे मात्र समजू नये. सिरॅमिकमुळे ती शक्यता वाढते, एवढेच म्हणता येईल. धातूच्या मानाने हा स्क्रू ठिसूळ असल्याने बसवताना मोडू शकतो. शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत त्याचे नाव आणि घटक लिहून घ्यावेत. काही महिन्यांनी, अगदी वर्षानंतरही, गुडघ्याला सूज आली तर तपासणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती लागेल.

प्रश्न : मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. पीएलएमध्ये हायड्रॉक्सीॲपेटाइटचे प्रमाण वाढवत नेले, तेव्हा नमुने अधिक ठिसूळ झाले. असे का व्हावे?

उत्तर : सिरॅमिकच्या कणांना पाणी प्रिय आणि पीएलएला ते नकोसे, त्यामुळे दोघांमध्ये रासायनिक बंध जवळजवळ तयारच होत नाहीत. प्रमाण वाढले की बारीक कणांचे गोळे होतात आणि तडा नेमका तिथून सुरू होतो. मोडलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा : कण स्वच्छ, उघडे दिसत असतील आणि शेजारी निखळलेल्या कणांचे रिकामे खळगे असतील, तर पकड बसलेली नाही. सिलेन (कण आणि पॉलिमर यांना जोडणारे रसायन) लावल्याने किंवा कणांवर पीएलएच्या आखूड साखळ्या जोडल्याने ती सुधारते. बाजारातील अनेक स्क्रूंमध्ये सिरॅमिक वजनाने पाव ते एक तृतीयांशच्या आसपास ठेवतात, त्यामागे हेच कारण आहे. जिथे भार पेलायचा नसून केवळ पोकळी भरायची असते, तिथे हे प्रमाण बरेच वाढवता येते.

एक शंका ओलाव्याचीही आहे. पीएलए वितळवताना, म्हणजे १८० ते २०० अंश सेल्सिअसला, थोडासा ओलावाही साखळ्या तोडतो, आणि हायड्रॉक्सीॲपेटाइटची भुकटी हवेतला ओलावा धरून ठेवते. दाणे आणि भुकटी दोन्ही निर्वात भट्टीत सुकवावीत आणि साच्यात घालण्यापूर्वीचा व नंतरचा रेणुभार मोजावा. तो घसरलेला आढळला तर दोष केवळ सिरॅमिकच्या प्रमाणाचा नाही. निर्जंतुकीकरणानंतरही हीच मोजणी पुन्हा करावी, कारण गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात, आणि पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडत असल्याने १२१ अंशांची वाफ त्याला सोसत नाही.