व्हिएंतियानमध्ये दोन रात्री थांबावे

बँकॉकहून लाओसमधील लुआंग प्रबांगला जाताना त्या देशाची राजधानी व्हिएंतियान येथे एक रात्र काढावी की हे शहर वगळावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन रात्री थांबावे, म्हणजे मधला पूर्ण दिवस हाती राहतो. येथे पाहण्यासारखे काही नाही असे सांगणारे प्रवासी बहुधा बँकॉकच्या मोजमापाने या शहराकडे पाहतात. खरे तर बँकॉक पाहून आलेल्यालाच व्हिएंतियान अधिक चांगले समजते.

बँकॉकच्या राजवाड्यात आपण पाचूच्या बुद्धाची मूर्ती पाहाल. ती दोन शतकांहून अधिक काळ व्हिएंतियानमध्ये होती आणि 1779 मध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, सैन्याने ती नेली. तिच्यासाठी 1565 मध्ये बांधलेले हॉ फ्रा केव हे मंदिर आज त्या मूर्तीविना, संग्रहालय म्हणून उभे आहे. सध्याची वास्तू मात्र विसाव्या शतकातील पुनर्बांधणीची आहे. पुढे व्हिएंतियानचा राजा अनुवोंग याने सयामविरुद्ध उठाव केला, तेव्हा 1827-28 मध्ये हे शहर जवळजवळ बेचिराख करण्यात आले आणि असंख्य रहिवाशांना मेकाँग नदीपलीकडे हलवण्यात आले. या संहारातून वाचलेले वाट सी साकेत हे मंदिर, जे अनुवोंगनेच 1818 मध्ये बांधले होते, हॉ फ्रा केवच्या समोरच आहे. त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींतील कोनाड्यांत हजारो लहान बुद्धमूर्ती आहेत, आणि युद्धात भंगलेल्या मूर्तीही तेथे जपून ठेवल्या आहेत. या दोन वास्तूंना सकाळ द्यावी, तीही ऊन चढण्यापूर्वी.

दुपारी कोप या संस्थेच्या अभ्यागत केंद्रात अवश्य जावे. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतील न फुटलेल्या लहान बॉम्बांमुळे शेतात काम करणारी माणसे आणि खेळणारी मुले आजही जखमी होतात. अशा लोकांना कृत्रिम हातपाय मिळावेत म्हणून ही संस्था काम करते. केंद्र लहान आहे. तरीही माझ्या दृष्टीने संपूर्ण शहरातील सर्वांत महत्त्वाची जागा हीच, आणि तेथे यथाशक्ती देणगी द्यावी अशी माझी विनंती आहे.

थाट लुआंगचा सोनेरी स्तूप आणि पातुसाय ही कमान वाटेत पाहून होते. बुद्ध उद्यान सुमारे 25 किलोमीटर दूर आहे. वेळ उरला तरच तलात साओ या बाजाराजवळच्या बसस्थानकावरून 14 क्रमांकाच्या बसने जावे. संध्याकाळ मेकाँगच्या काठावरील रात्रबाजारासाठी राखावी. शाकाहारी असाल तर पपईच्या कोशिंबिरीतही माशांपासून केलेले पादेक असते, हे लक्षात ठेवून मागवतानाच तसे सांगावे; चिकट भात मात्र निर्धास्तपणे खाता येतो.

शेवटी प्रवासाविषयी. बँकॉकची थेट रात्रगाडी खामसावात स्थानकावर येते, तर लुआंग प्रबांगची गाडी शहराबाहेरच्या वेगळ्याच, मोठ्या स्थानकावरून सुटते, त्यामुळे रिक्षावाल्याला स्थानकाचे नाव नीट सांगावे आणि भरपूर वेळ हाताशी ठेवून निघावे. ई-व्हिसा काढणार असाल तर तो आपल्या प्रवेशाच्या ठिकाणी चालतो का, हे सरकारी संकेतस्थळावर आधी पाहावे. लुआंग प्रबांगचा प्रवास सुमारे दोन तासांचा आहे. परंतु स्थानकावर सामानाची कसून तपासणी होते आणि चाकू तसेच फवाऱ्याचे डबे काढून घेतले जातात, म्हणून पाठपिशवी आदल्या रात्रीच तपासून ठेवावी.