नंबर आधी, पराक्रम मग

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि फोटो मिळाले. पणजोबांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळाल्याचं घरात सगळे सांगतात, पण ते मिळालेल्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही, म्हणून तू हवालदिल झालायस. अरे, तो क्रुसाच्या आकाराचा असतो, फोटोतलं पदक गोल आहे! पंख पसरलेली बाई, मागे ‘द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन, १९१४-१९१९’. हे व्हिक्टरी मेडल. ते लाखो शिपायांना मिळालं. मराठा लाइट इन्फंट्रीचे दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस दुसऱ्या महायुद्धातले, इटलीतले: यशवंत घाडगे १९४४, नामदेव जाधव १९४५. काकांना आजच सांगून टाक. चिडतील. चिडू देत.

दुसऱ्या फोटोत पदकाची कड दिसते. ‘११७ मराठाज’ एवढं मला भिंग लावून वाचता आलं. त्याआधी शिपायाचा नंबर असतो, आणि नेमका तोच तुझ्या अंगठ्याखाली गेलाय. नंबर शोध रे बाबा. नाव नंतर. पलटणीच्या कारकुनाने ऐकू आलं तसं नाव इंग्रजीत लिहिलं, जाधवाचा जाडो झाला, आणि एकाच पलटणीत त्या नावाचे किती असतील देव जाणे. शिवाय तेव्हा प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे. म्हणजे नंबर आणि पलटण, जोडीनेच हवं. गट नंबर न घालता ‘आमची ओढ्याकाठची जमीन’ एवढंच लिहून आलेले अर्ज मी तलाठी म्हणून आयुष्यभर घेतले. त्यांचं पुढे काय होतं ते मला विचार.

तू इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकाची यादी चाळत बसलास. चाळीस हजारांहून जास्त नावं आहेत त्यात, सगळी गेलेल्यांची. तुझे पणजोबा परत येऊन शेती करत होते हे तूच लिहितोस. मग तिथे कशाला शोधतोस?

११७वी मराठा म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे लगेच इराकमधल्या कुतचा वेढा आला असणार. ही पलटण तिथे होती हे खरं. ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांचा वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ला आपल्या फौजेचा ब्रिटिश सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेला. आत खायला घोडे आणि खेचरं उरली होती, आणि आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. कैद झालेल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात माणसं पटापट गेली. पण पलटण होती म्हणजे पणजोबा होते असं नव्हे. जखमी वेढ्याआधीच मागे पाठवले गेले, नवी भरती नंतरही चालू राहिली. घरात १९१४-१५चा तारा आहे का बघ, ब्राँझचा, मागे सपाट बाजूवर तोच नंबर. तारा असेल तर १९१५ संपायच्या आत माणूस रणांगणाच्या मुलखात पोचला होता, मग कुतचा विचार करता येईल. नसेल तर हरवलाही असेल, पण तोवर कुतबद्दल एक ओळ लिहू नकोस. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडलही फोटोत नाही. ते सोनाराकडे गेलं असणार. बाहत्तरच्या दुष्काळात किती घरांतून गेली!

गावातल्या नोंदींचं थोडक्यात सांगतो. वारसाचा फेरफार काढ, त्यात मृत्यूचा काळ आणि सगळी मुलं सापडतील. जुना गाव नमुना १४ म्हणजे तेव्हाचं जन्ममृत्यूचं रजिस्टर, फार जुनं असेल तर मोडीत. कुणबी नोंदींच्या शोधापायी मोडी वाचणारे आता तालुक्या-तालुक्यात भेटतात, एखादा गाठ. नंबर हाती आला की बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिही. त्याआधी नको.

मला लोक कोरडा म्हणतात. आमच्या घरच्या फोटोखाली ‘सुभेदार’ लिहिलं होतं. ब्रिटिश वॉर मेडल शिपायाला चांदीचं मिळे, लेबर आणि पोर्टर कोअरच्या माणसांना ब्राँझचं. आमचं ब्राँझचं निघालं, कडेवर लेबर कोअर. आजोबा बंदूक चालवायला नव्हे, ओझी वाहायला गेले होते. मी ती पाटी काढली. चुलतभाऊ त्या दिवसापासून माझ्या घरी जेवलेला नाही. मी काय चुकलो? त्या उन्हात ज्याने पाठीवर पोती वाहिली त्याला उसनं सुभेदारपद कशाला? कडेवर नंबर होता, तो मी वाचला, एवढाच माझा गुन्हा. सल एकच आहे. आजी म्हणायची, ‘मानमोडीच्या आदल्या साली परत आले.’ मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, ती १९१८ची, म्हणजे १९१७. एवढं एक वाक्य तिच्याकडून मिळालं. बाकीचं विचारीन विचारीन म्हणता ती गेली.

तेव्हा थोरल्या आत्याकडे जा. त्यांना शौर्यकथा विचारू नकोस, त्या तुला हवी तशीच सांगतील. ट्रंक कुठे आहे, पेन्शन कोण आणायला जायचं, घरी पोस्टकार्ड कुठून यायचं, हे विचार, आणि बोलतील तसं लिहून घे. पदक चिंच लावून घासू नकोस, अक्षरं झिजतात. बॅटरी बाजूने तिरपी धर आणि कडेचे चार फोटो काढ. हे सगळं या रविवारी. आत्यांचं वय नव्वद आहे, दिवाळीची वाट बघू नकोस.