दापोलीत राहणाऱ्या आईला पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर काढायला शिकवता येईल का?

येईल. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन्ही ॲप हवीत. एका ॲपनं भागत नाही. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, बँक खातं आणि ओटीपी येणारा मोबाइल जवळ ठेवा. सुरुवातीला ऑपरेटरचा, म्हणजे ॲप चालवणाऱ्याचा, चेहरा विचारतात, तिथेच बरेचजण गोंधळतात. तो आईचाच दिला तरी चालतो.

बागेत, शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्र बऱ्याचदा घेत नाही, म्हणून चेहराच बरा. फोटो फसतो तो अपुऱ्या उजेडामुळे. माजघरात नको, पडवीत बसवा, तोंड अंगणाकडे. चष्मा काढून डोळे मिचकवायला सांगा. रेंज नसेल तर आधी जागा शोधा.

बटणं मात्र तिलाच दाबू द्या. केंद्र सरकारच्या पेन्शनसाठी मुदत नोव्हेंबरची, ८० वर्षं आणि त्यापुढच्यांना १ ऑक्टोबरपासून.