मिनेसोटात बोट हिवाळाभर घराबाहेर ठेवायची आहे. साधी निळी ताडपत्री पुरेल की श्रिंक रॅपच (उष्णतेने आवळून बसवायचं प्लॅस्टिकचं आवरण) करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बोट १८ फुटी, फायबरग्लासची, जुनी घेतलेली. इंजिन आत बसवलेलं. आणि ती गॅरेजशेजारी ट्रेलरवरच राहणार. मी शेजारच्या मिशिगनमध्ये राहतो आणि माझीही बोट दरवर्षी अंगणातच थंडी काढते. माझं मत सरळ आहे: एवढ्या बोटीला ताडपत्री पुरते, पण तिच्याखाली सांगाडा हवा. सांगाडा नसेल तर कितीही महागडी ताडपत्री आणा, फेब्रुवारीपर्यंत तिचं तळं होतं.

पण झाकण्याच्या आधी इंजिन. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि इंजिन थंड करायला खेळवलेलं पाणी बिडाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यात, राहून फुगलं की ब्लॉक तडकतो. वरून दहा पदरी आवरण घातलंत तरी आतलं पाणी गोठणारच, कारण आवरण ऊब देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये मिनीआपोलिसला पारा उणे ३३ सेल्सियसवर गेला होता. तिथे ताडपत्रीची काय कथा! तेव्हा पहिल्या कडक गोठणीच्या आत ब्लॉकमधलं पाणी पूर्ण काढा आणि बोटींसाठी मिळणारं गुलाबी अँटीफ्रीझ फिरवा. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीतलं हिरवं वापरू नका, ते विषारी आहे आणि वसंतात थेट तळ्यात जाईल. पंख्याजवळच्या खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून काढून ठेवा. भरलेली बॅटरी इथल्या थंडीला दाद देत नाही, उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. आणि विम्यावर विसंबू नका. गोठून झालेलं नुकसान बऱ्याच पॉलिसींत वगळलेलं असतं, तुमची वाचून घ्या.

आता सांगाडा. घराच्या छपराला असतं तसं मधोमध एक आढं लागतं. लाकडाच्या दुकानात मिळणारी टू-बाय-फोर पट्टी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत उभ्या टेकूंवर आडवी बसवा आणि तिच्या वरच्या कडा रंध्याने गोल करा. त्यावरून दोन्ही बाजूंना दोन-अडीच फुटांवर पीव्हीसीच्या पाइपचे वासे. उतार ४५ अंशांचा मिळाला तर उत्तम; कमी उतारावर बर्फ घसरत नाही, बसतो. दोन वाशांमधला झोळच खरा शत्रू. दुपारच्या उन्हात बर्फ वितळतो, पाणी झोळात उतरतं, रात्री गोठतं, दुसऱ्या दिवशी त्याच खळग्यात आणखी येतं. चौरस मीटरभर खळग्यात १० सेंटीमीटर पाणी म्हणजे १०० किलो! त्या वजनाने विंडशील्डची चौकट वाकते. विंडशील्डचे कोपरे, क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या), रेलिंगची टोकं, जिथे जिथे ताडपत्री टेकेल तिथे जुन्या गालिच्याचे तुकडे बांधा. वाऱ्यात फडफडणारी ताडपत्री एका हिवाळ्यात जेलकोटची, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थराची, चमक घासून काढते.

कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून बांबूंवर झाप घालून शाकारतात, तत्त्व तेच: पाणी थांबता कामा नये आणि हवा खेळली पाहिजे. दुसरा भाग इथे लोक विसरतात. सगळीकडून चिकटपट्ट्या लावून बोट बंद करतात आणि एप्रिलमध्ये सीटांवर काळी बुरशी बघून ताडपत्रीला शिव्या देतात. पुढे-मागे आढ्याखाली हातभर त्रिकोण उघडा ठेवा. गाद्या घरात न्या, आतले कप्पे उघडे ठेवा. ओल शोषणाऱ्या डब्या आत ठेवू नका. हवा खेळती असली की त्या बाहेरचीच ओल शोषत बसतात.

ताडपत्री मात्र स्वस्तातली पातळ निळी नको. ती उन्हाने फाटते आणि तिच्या कड्या पहिल्याच वादळात निघतात. जाड, रुपेरी किंवा तपकिरी घ्या, दोन्ही बाजूंनी बोटीच्या कडेखाली चांगली उतरेल एवढी रुंद. दोरी एका बाजूच्या कडीतून बोटीच्या पोटाखालून पलीकडच्या कडीत न्या. काही जण पाण्याचे कॅन लटकवतात. ते गोठून फुटतात. वाळूचे लटकवले तर वाऱ्यात झोके घेत बोटीवर आपटतात. आणि बोट ट्रेलरवर नसून जॅकस्टँडवर (बाजूंनी टेकू देणाऱ्या सुट्या स्टँडांवर) उभी असलेल्यांसाठी: दोरी स्टँडला कधीही बांधू नका. वाऱ्याने ताडपत्री ओढली की स्टँड सरकतो आणि बोट आडवी होते.

श्रिंक रॅप वाईट नाही. ताणून बसतं, फडफडत नाही, बोट ट्रेलरवरून लांब न्यायची असेल तर तेच बरं. पण ते एका हंगामाचं, त्यालाही आधार आणि हवेची भोकं लागतातच, आणि प्रोपेनच्या ज्वाळेने ते आवळावं लागतं. पेट्रोलची टाकी असलेल्या बोटीवर हा उद्योग नवख्याने घरी करू नये. करायचंच तर बोटींच्या यार्डवाल्याकडून.

बाकी छोट्या गोष्टी. तळाचं बूच काढा, ट्रेलरचा जॅक फिरवून नाळ थोडी वर उचला, म्हणजे आत आलेलं पाणी वाहून जाईल. बूच पिशवीत घालून स्टीअरिंगला बांधा. गॅरेजच्या पागोळ्यांखाली बोट नको. छपरावरचा सगळा बर्फ एका दमात तिच्यावर येतो. ताडपत्रीवर साचलेला बर्फ मऊ झाडूने आतून वर ढकला, फावडं लावू नका. कडाक्यात प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. खाण्याचा कण आत ठेवू नका, उंदीर वायरीही सोडत नाहीत. आणि तुमच्या वसाहतीच्या असोसिएशनचे नियम आधीच बघा. कित्येक ठिकाणी दारात बोट ठेवायलाच बंदी असते, आणि असोसिएशनचं तसं पत्र नेमकं सांगाडा उभा झाल्यावर येतं.

इंजिनाचं मॉडेल आणि साल खाली लिहा. ब्लॉकचं पाणी काढायची बुचं प्रत्येकात वेगळ्या जागी असतात, आणि एक तरी नेहमी हाताला न येणाऱ्या बाजूला असतं.